उन्हाच्या मुलखातील एक घर

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी सोलापूर मागे टाकून कलबुर्गीस उतरला, म्हणजे त्याच्या ध्यानात पहिली गोष्ट येते ती आकाशाचा विस्तार. आम्हां वसईकडच्या माणसांस आकाश दिसते ते माडांच्या झावळ्यांतून आणि केळीच्या पानांतून, तुकड्यातुकड्यांनी. येथे ते या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत अखंड पसरलेले असते आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याच्या वाटेत एकही अडथळा येत नाही. कानडीत या मुलखास ‘बिसिल नाडु’ म्हणतात. बिसिलु म्हणजे ऊन. तेव्हा हा उन्हाचा मुलूख. त्याचे दुसरे नाव ‘तोगरि कणज’, म्हणजे तुरीची कणगी. येथील तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ऊन आणि कणगी, ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. आम्ही जे पाहिले ते सारे या दोन शब्दांत सामावलेले आहे.

आम्ही उभयता मार्गशीर्ष अमावस्येच्या दोन दिवस आधी तेथे पोहोचलो. आमच्या एका आप्ताच्या ओळखीच्या कुटुंबाने ‘येळवसीला या’ असे आग्रहाचे बोलावणे धाडले होते. आमचा आणखीही एक हेतू होता. आमच्या वाडीतील पंपास उन्हावर चालणारे यंत्र बसवावे की नाही, यावरून घरात वर्षभर वाद चालला होता. ज्या घरी विजेची तार मुळीच पोहोचलेली नाही आणि सारा संसार उन्हावर चालतो, असे घर डोळ्यांनी पाहावे आणि मग काय ते ठरवावे, असे आम्ही योजिले होते.

कलबुर्गीहून बीदरकडे जाणारा लोहमार्ग तसा नवा आहे. तो २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्णपणे खुला झाला. कमलापूर येईपर्यंत दोन्ही बाजूंस काळीभोर जमीन आणि कापणीस आलेली तूर. कमलापूरची तांबडी केळी प्रसिद्ध आहेत. ती हातात घेतली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींस आगाशीच्या राजेळीची आठवण झाली नाही तरच नवल. पुढे गाडी हळूहळू पठारावर चढू लागते आणि मातीचा रंग पालटतो. काळ्याची तांबडी होते. हुमनाबाद येईतो रुळांशेजारी चक्क आपल्या कोकणातला जांभा दगड दिसू लागतो. समुद्रापासून इतक्या दूर, दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर, घरचाच दगड भेटावा याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

माणसेही तशीच ओळखीची वाटली. हा भाग जुन्या हैदराबाद संस्थानातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे आले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. नकाशावर रेघ ओढली गेली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. आमच्या यजमानांच्या घरी आजीबाई मराठीत रागावतात, सूनबाई कानडीत उत्तर देतात, आणि बाजारात दोघीही दखनी उर्दूत भाव करतात.

हे घर गावापासून दीड कोस दूर, शेतातच आहे. गावात वीज येऊन पुष्कळ वर्षे लोटली. परंतु शेतातील एकट्या घरासाठी इतके खांब कोण रोवणार? यजमान (त्यांस सारे गाव अण्णा म्हणते) दहा वर्षांपूर्वी वाटणीनंतर येथे राहावयास आले, तेव्हा रॉकेलचा कंदील होता. आज जांभ्याच्या चिऱ्यांचे तीन खोल्यांचे घर आहे, आणि छपरावर दक्षिणेकडे तोंड करून तीन सौरफलक बसविले आहेत. तेथे त्यांस ‘प्लेटा’ म्हणतात. त्यांचा उतार सुमारे अठरा अंशांचा. कारण बीदर विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ अठरा अंशांवर आहे, आणि वर्षभराचे ऊन अधिकांत अधिक पदरात पडावे तर फलकाने त्या गावच्या अक्षांशाइतके कलते असावे, असा सर्वसाधारण नियम आहे.

अशा फलकाचा इतिहास फार जुना नाही. उजेड पडला असता विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हे फ्रान्समधील एदमों बेकेरेल याने १८३९ साली, अवघ्या एकोणीस वर्षांच्या वयात दाखविले. परंतु कामास येईल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे मांडला. त्यावर पडलेल्या उन्हापैकी शंभरातील सहा भागांचीच वीज होई. आज साध्या घरगुती फलकातून सुमारे वीस भाग मिळतात. अण्णांचे तिन्ही फलक मिळून एक किलोवॉटचे आहेत. स्वच्छ दिवशी त्यांतून चारेक युनिट वीज निघते, आणि पावसाळ्यात झड लागली की एक युनिटही निघत नाही.

या एका आकड्याभोवती घराचा दिवस फिरतो. पहाटे सूनबाई (गावात त्यांस अक्का म्हणतात) अंगण झाडून होताच शिडी लावून फलक ओल्या फडक्याने पुसतात. तुरीच्या मळणीच्या दिवसांत भुसकट फार उडते आणि धुळीचा थर बसला की वीज घटते. नंतर अण्णा बॅटरीच्या कोनाड्याशी जातात. तेथे बारा व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्यांतील पाण्याची पातळी पाहावयाची, महिन्याकाठी शुद्ध पाणी घालावयाचे, आणि भिंतीवरील दर्शकात दिसणारा आकडा वहीत उतरवावयाचा. ही वही आम्ही मुद्दाम चाळली. वाण्याची उधारीची वही असते तशी. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस खर्च.

खर्चाची बाजू अशी: नऊ वॉटचे पाच दिवे रात्री पाच तास, म्हणजे सव्वादोनशे वॉट-तास. तीस वॉटचा नव्या धर्तीचा पंखा दहा तास, म्हणजे तीनशे. फोन आणि रेडिओ मिळून पन्नासच्या आत. दूरदर्शन संच दोन तास, म्हणजे शंभर. आणि एक लहानसा शीतकपाट, जो एकटा सातशेच्या आसपास खातो. हे सारे मिळून दीड युनिटाच्या अलीकडेच राहते. बॅटऱ्यांत एकंदर साडेतीन युनिट मावतात खरे, परंतु निम्म्याहून अधिक काढावयाचे नाही, असा घरचा दंडक आहे. हा दंडक कसा पडला, ते पुढे सांगतो.

दिवस वर आला की जड कामांची पाळी येते. शेतातील विहिरीवर वेगळे फलक आणि तीन अश्वशक्तीचा पंप आहे. त्यास बॅटरी नाही. ऊन आहे तोवर पंप चालतो, ऊन गेले की थांबतो. आम्ही विचारले, “मग रात्री पाणी हवे झाले तर?” अण्णांनी उतारावरील दगडी टाक्याकडे बोट दाखविले. “ती आमची खरी बॅटरी बघा.” दिवसभर पाणी टाक्यात चढते आणि हवे तेव्हा आपल्या वजनाने खाली येते. शास्त्राचा हिशेब मांडला तर दहा हजार लिटर पाणी पन्नास फूट चढवावयास अर्ध्या युनिटाहूनही कमी शक्ती लागते. पंपाची आणि नळांची गळती धरली तर एक युनिट. तेवढीच वीज साठवावयास महागडी बॅटरी हवी, जी पाचसहा वर्षांत निकामी होणार. टाके मात्र नातवंडांच्या काळीही पाणी धरील. शिवाय रात्री-अपरात्री वीज येते म्हणून विजेरी घेऊन सापकिरडांतून पाणी धरावयास जाणे सुटले, हे अक्कांच्या मते सर्वांत मोठे सुख.

दुपारी बारा ते दोन या वेळात अक्का पिठाची लहान चक्की चालवितात आणि वस्तीवरल्या चार घरांची ज्वारी दळून देतात. अंगणात काळ्या पत्र्याची, वर काचेची पेटी ठेवलेली असते. तीत तुरीचे वरण आणि भात सकाळी नऊस ठेवला की बाराच्या आत शिजतो. भाकरी मात्र चुलीवरच, तुराट्यांच्या जाळावर. “उन्हाला भाकरी फुगवता येत नाही,” असे आजीबाईंनी हसून सांगितले. या सौरचुलीचे मुंबईशी जुने नाते आहे, हे आम्ही त्यांस सांगितले. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या मुंबईतील एका इंग्रज अधिकाऱ्याने आरसे लावून अशी चूल केली होती, आणि जानेवारी महिन्यात सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजविला होता. १८७८ साली त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. पुढे स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही सौरचूल काढली, पण ती घरोघरी रुजली नाही. अक्कांनी क्षणभर विचार करून म्हटले, “ज्यांनी काढली त्यांच्या बायकांना विचारलं नसंल. सांजच्याला भूक लागते, तवा ऊन कुठं असतं?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच अंगणात काचेच्या झाकणाचे वाळवणयंत्र होते. मिरच्या, अंबाडीची पाने (यांस तेथे पुंडी म्हणतात) आणि टोमॅटोच्या चकत्या त्यात वाळत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी वसईची सुकेळी कशी करतात, केळी किती पिकवावयाची, रोज उन्हात घालून रात्री कशी झाकावयाची, हे सारे अक्कांस समजावून दिले. दोघींची गट्टी जमली ती त्या क्षणापासून.

आता दंडकाची गोष्ट. ती आजीबाईंनी स्वतः सांगितली, आणि सांगताना घरातील कोणी मध्ये बोलले नाही.

पहिल्या वर्षी घरात नवा उजेड आला, त्याचे अप्रूप सर्वांस होते. ज्या दुकानदाराने यंत्र बसविले त्याने पैसे घेतले, परंतु बॅटरी किती वापरावी हे काही सांगितले नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडेना, तरी रात्री उशिरापर्यंत संच चालू राही. वस्तीवरची मुले पाहावयास येत. त्यांस नाही कसे म्हणावे? शिशाची बॅटरी वारंवार तळापर्यंत उपसली की तिच्या पट्ट्यांवर क्षाराचा कठीण थर चढतो, आणि मग ती पुन्हा पुरती भरत नाही. हे विष सावकाश चढते. कळले तेव्हा मे महिना होता, आणि बाहेर ऊन चाळीस अंशांच्या वर गेले होते. एके रात्री सारेच बंद पडले. बॅटरी मेल्यामुळे भर दुपारच्या उन्हातही शीतकपाट चालू होईना.

त्या शीतकपाटात आजीबाईंचे इन्सुलिन होते. त्यांस मधुमेह आहे. दुकानदार फोन उचलीना. दुसरी बॅटरी घेण्यास हाती पैसा नव्हता, तुरीचे पैसे यावयाचे होते. असे आठ दिवस गेले. औषध टोचणे चालूच होते, पण त्याचा गुण येईना. नवव्या दिवशी आजीबाई भोवळ येऊन पडल्या. त्यांस कलबुर्गीस इस्पितळात नेले आणि तेथे चार दिवस ठेवावे लागले. उष्णतेने औषध निकामी झाले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. मडक्यात ओली वाळू घालून त्यात बाटली ठेवली असती तरी काही बचाव झाला असता, हेही त्यांनीच सांगितले.

“पोरानं मला काही कमी केलं न्हाई,” आजीबाई म्हणाल्या. “पण कणगीच्या तळाला हात लागोस्तोवर दाणं काढायचं न्हाई, ही आमच्या सासूची शिकवण. बियाणं ऱ्हायला पायजे. बॅटरी बी कणगीच की. मी ते बोलले न्हाई. नवी वस्तू, आपल्याला काय कळतंय, म्हणून गप बसले.”

तेव्हापासून वही आली, निम्म्याचा दंडक आला, आणि पहिला हक्क शीतकपाटाचा ठरला. सलग दोन दिवस ऊन नसले की संच बंद, पंखा बंद. शीतकपाट मात्र चालू. ओल्या वाळूचे मडकेही कोनाड्यात सदैव तयार असते. आम्ही ते हात लावून पाहिले. गार होते.

येळवस उजाडली. या दिवशी बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या भागांतील गावे ओस पडतात आणि माणसे शेतात जमतात. कडब्याची कोप उभारतात, पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करतात, आणि मग सर्वांस जेवू घालतात. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि मिळेल ती भाजी एकत्र करून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर आणि मडक्यातील अंबील. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसासही हाक मारून बसवितात. आम्ही परगावचे, वेगळ्या रीतीचे, परंतु पंगतीत आमचे पान पहिले वाढले गेले.

जेवणानंतर एक वाद निघाला. वीज कंपनीची नवी वाहिनी जवळून जाणार असून शेतातील घरासही जोडणी मिळेल, असे नुकतेच कळले होते. अण्णांचा थोरला मुलगा म्हणाला, तार घ्यावी. मोठी चक्की आणि डाळीची गिरणी घालता येईल, वस्तीवरल्या तरुणांस काम मिळेल. एक किलोवॉटात डाळमिल चालत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच होते. अण्णांस ते रुचेना. इतकी वर्षे कष्टाने जे उभे केले ते मोडावे की काय, असे त्यांस वाटले. अखेर अक्का बोलल्या. “गिरणी तारेवर चालवा. पण फ्रिज उन्हावरच राहील. वादळात तार तुटली तर चार-चार दिवस कोण येत न्हाई, ते गावात बघतो की आपण.” आजीबाईंनी मान डोलावली. अर्ज भरावयाचे ठरले.

हे ऐकून आम्हांस बरे वाटले. तारेवाचून राहणे हे काही व्रत नव्हे. आपल्या घरात काय थांबले तर चालेल आणि काय थांबता कामा नये, हे ओळखणे महत्त्वाचे. त्या रात्री चंद्र नव्हता. दिवे मालविल्यावर आकाशात इतक्या चांदण्या दिसल्या की आम्ही दोघे बराच वेळ अंगणात उभे राहिलो. मागे कोनाड्यात शीतकपाटाची मंद घरघर तेवढी चालू होती.

परतीच्या आदल्या दिवशी अण्णांनी आम्हांस बीदरला नेले. किल्ला पाहिला, महमूद गवानाचा १४७२ सालचा मदरसा पाहिला. परंतु त्यांस दाखवावयाचे होते ते नौबादचे ‘करेझ’. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात कलबुर्गीहून राजधानी बीदरास हलविली. पठार उंच, जवळ नदी नाही, पाणी आणावयाचे कोठून? इराणकडील जाणत्यांच्या विद्येने येथे जमिनीखालून बोगदे खोदले गेले. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या घट्ट थरावर अडते. त्या पाण्यास वाट करून देणारा, किंचित उतरता बोगदा खोदावयाचा, आणि ठिकठिकाणी वरून विहिरीसारखी विवरे पाडावयाची, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढता येतो. पंप नाही, मोट नाही, जनावर नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येते. नौबादच्या करेझीस अशी वीसहून अधिक विवरे आहेत.

मध्यंतरी लोक हे सारे विसरले. विवरांत कचरा पडला, काहींवर घरे चढली. केरळातील भूगोलाचे अध्यापक गोविंदनकुट्टी यांच्यासारख्या अभ्यासकांनी बोगद्यांचा माग काढला. २०१४ च्या जागतिक स्मारक निरीक्षण यादीत बीदर शहराचा समावेश झाला, आणि पुढील काळात प्रशासनाने व स्वयंसेवकांनी पुष्कळ गाळ उपसला. आम्ही पायऱ्यांवर उभे राहून आत पाहिले. अंधारातून स्वच्छ पाणी येत होते. अण्णा म्हणाले, “माझं टाकं बघून लोक नवल करतात. हे सहाशे वर्षं जुनं हाय.”

येताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. मनात आमच्या वाडीमागचे बावखल घोळत होते. आमच्या वाडवडिलांनी तेही असेच हाताने खणले होते. पावसाचे गोडे पाणी त्यात मुरे आणि उन्हाळ्यात रहाटास पुरे. वसईत अशी कितीतरी बावखले भराव घालून बुजविली गेली. आमचेही गाळाने निम्मे भरले आहे, आणि गेल्या वर्षी भराव टाकून तेथे खोल्या बांधाव्यात असा विचार आम्हीच केला होता, हे कबूल केले पाहिजे.

उन्हावरचे यंत्र घेण्यास आज पूर्वीइतकी अडचण नाही. शेतपंपांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली कुसुम योजना सुरू केली. व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल यांच्या नावच्या भव्य सभागृहाच्या छपरावर तर २००८ सालीच सुमारे २,४०० सौरफलक बसले. तेव्हा ही वस्तू परकी किंवा नवलाईची राहिलेली नाही. परंतु फलक घ्यावयाचा तर त्याबरोबर वही घ्यावी, आणि घरातील म्हाताऱ्या माणसास आधी विचारावे, एवढे आम्ही त्या घरून शिकून आलो.

आमच्या घरातील वाद आता मिटला आहे. पंप उन्हावर बसवावयाचा, पण पुढल्या वर्षी. यंदा मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, आधी बावखल उपसावयाचे. अक्कांनी परवा फोनवरून सांगितले की कमलापूरच्या केळ्यांची सुकेळी काही नीट साधली नाहीत, काळी पडली. आमच्या सौभाग्यवतींनी राजेळीची काही रोपे काढून ठेवली आहेत. जून लागला की ती उन्हाच्या मुलखात रवाना होतील. टाक्याच्या पाण्यावर ती तेथे धरतात की नाही, ते पाहू.